अब्बांना आलेला वास

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. भुताखेतांचं निघालं की उठून जाणारा माणूस मी. आठवीत शाळा सोडली, तेव्हा लिहिण्यात चुका असतील... सांभाळून घ्या.

आम्ही भिगवणचे. अब्बा मासळीचे व्यापारी. माशाचा कल्ला उघडून नुसता वास घेतला की ताजी का शिळी ते सांगायचे. मग एका वर्षी गिऱ्हाइकं मासळी परत आणून टाकायला लागली — अब्बांना वासच येत नव्हता! हात थरथरायला लागला तो नंतर. बारामतीच्या डॉक्टरांनी सांगितलं, पार्किन्सन्स. यात कधीकधी वास आधी जातो म्हणे.

मी इकडं बंगलोरला एका लॅबमध्ये साफसफाईला आहे. आमच्या मॅडम पेशंटच्या रक्तातून स्टेम सेल, म्हणजे मूळ पेशी बनवतात. त्यांच्यापासून मेंदूच्या पेशी वाढवायच्या, आजार कसा होतो ते बघायचं, औषधं तपासायची. अब्बांनीही रक्त दिलं. "माजं जाऊ दे, फुडच्याच्या तरी कामाला यील." पेशींच्या बश्यांवर नाव नसतं, नुसता नंबर; तो कुणाचा ते मॅडमनाही कळू देत नाहीत. अब्बांची कुठली, मला माहीत नाही.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी जेवताना घरी फोन लावला.

"अरं, तुज्याकडं काय आंबलंय व्हय?" अब्बा म्हणाले.

मागून अम्मी — "घ्या! हितं दूध करपलं तर कळंना, अन् फोनातनं बंगलोरचा वास येतोय!"

"गप गं. येतोय. उबट जागंतला हाय."

माझा घास तसाच राहिला. उबट जागा म्हणजे पेशी ठेवायची गरम पेटी... आणि तिच्यातला पाण्याचा ट्रे धुवायचं माझं काम दोन आठवडे राहून गेलेलं.

धावत जाऊन मॅडमना बोलावलं. एका बशीतलं गुलाबी पाणी पिवळं, गढूळ झालेलं. बुरशी. "उद्यापर्यंत सगळ्या गेल्या असत्या," मॅडम म्हणाल्या. "तुला कसं कळलं?" ट्रेचं खरं सांगितलं, वासाचं नाही. ओरडल्या, पण कामावर ठेवलं — उपकार आहेत त्यांचे.

संध्याकाळी परत फोन करून बुरशीचं, फेकलेल्या बशीचं सगळं सांगितलं. "आता कसला वास रं? काय न्हाय." त्यानंतर आजपर्यंत त्यांना कसलाच वास आलेला नाही. डॉक्टर म्हणतात, असे भास होतात. होत असतील... पण त्याच दुपारी?

अब्बांनी त्या संध्याकाळी एकच विचारलं. "माजी बशी वाचली का?"

फेकलेल्या बशीचा नंबर मला पाठ आहे. तो कुणाचा, हे सांगायला आमच्याकडं कुणी नाही.

"व्हय अब्बा," मी म्हणालो. "वाचली."