पिकण्याची वाट

सोनईत ज्वारीचं बियाणं धरायचं म्हणजे ते गोजरबाईंच्या नजरेखालून जायचं. खळ्यावर कणसांच्या ढिगापाशी त्या बसत आणि एकेक कणीस फिरवून बियाण्याचं बाजूला काढत. पिकलेलं कोणतं आणि नुसतं वाळलेलं कोणतं, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

त्याच बाई काही वर्षांनी चालताना ठेचकाळू लागल्या. एकदा तर बाजूनं आलेल्या म्हशीलाच धडकल्या. वहिनी आता म्हशीशी कुस्ती धरतात की काय, असं त्यांचे दीर रंगनाथ म्हणाले, तेव्हा सगळ्यांबरोबर त्याही हसल्या. समोरचं तर दिसत होतं, दुखत काहीच नव्हतं. मोतीबिंदू धरत असेल, असं त्यांनी आपल्या मनानंच ठरवून टाकलं. आईचा मोतीबिंदू डॉक्टरांनी पुरता पिकू दिला होता आणि मगच काढला होता. कच्चं तोडायचं नाही, हे शेतकऱ्याच्या घरात कुणालाही पटतं. शाळेत डोळ्यांचं शिबिर भरलं, तेव्हा रंगनाथ बोलवायला आले, पण बाई जागच्या हलल्या नाहीत.

"आजून पिकला न्हाई, भाऊजी. डाक्टरचा येळ कशाला घ्यायचा?"

मग बहात्तरचा दुष्काळ आला. सारं गाव खडी फोडायला गेलं. तिथं डोळ्यांची आठवण कुणाला राहणार? दुष्काळ सरला, तोवर बाईंना वाट धरून चालणंही जमेना. आता पिकला असणार, अशा भरवशानं त्या नगरच्या डॉक्टरांपुढे बसल्या. डॉक्टरांनी आत उजेड टाकून पाहिलं आणि डोळ्यातला दाब मोजला. हा मोतीबिंदू नाही, काचबिंदू आहे, असं त्यांनी सांगितलं. दाबानं आतली नस सुकली होती. गेलेली नजर परत येणार नव्हती. शिबिरात दाखवलं असतं, तर बरीचशी टिकली असती.

बाईंच्या अडाणीपणाला हसण्यात अर्थ नाही. जन्मभर ज्या शहाणपणावर घर चाललं, त्यानंच इथं घात केला, याचं फार वाईट वाटतं.

हा रोग रक्तात असतो, पाठच्या भावंडांना दाखवा, असंही डॉक्टर म्हणाले होते. बाईंनी तेवढं मात्र गाठीला बांधलं. रंगनाथांचा हात धरून त्या एसटीनं पाथर्डीला, धाकट्या बहिणीच्या दारात गेल्या. छबूबाई नांदत्या घरातली, कामात बुडालेली. मला लख्ख दिसतंय, बिनकामाचं नगरला कशाला जायचं, असं ती म्हणाली.

"दिसतंय तवाच जायाचं असतं, छबू. मी न्हाई गेले."

छबूबाई हातातलं काम टाकून निघाली. तिच्याही डोळ्यांत दाब निघाला, पण नस अजून शाबूत होती. रोज औषधाचे थेंब घालायचे आणि डॉक्टर सांगतील तेव्हा येऊन तपासून घ्यायचं, असं ठरलं.

"म्हंजे हिची नजर ऱ्हाईल?" गोजरबाईंनी विचारलं.

"राहील. वेळेवर आणलंत."

स्वतःचे डोळे गेले तेव्हा गोजरबाईंनी डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. त्या दिवशी दवाखान्यातल्या बाकावर बहिणीचा हात धरून त्या पोटभर रडल्या.