शिळं पेट्रोल

पडदा वर जातो तेव्हा चष्म्याच्या दुकानामागच्या अंगणात एक निळी गाडी उभी आहे. मावळतीचं ऊन थेट तिच्या टपावर. चष्मेवाले चार्जिंगच्या वायरीची गुंडाळी अशी सोडताहेत, जणू तान्ह्याची दुपटी. दारात कमरेवर हात ठेवून त्यांची बायको.

चष्मेवाल्यांनी जन्मभर लोकांची नजर तपासली, पण खर्चाच्या बाबतीत त्यांची स्वतःची नजर हातभरच पोचायची. गाडी विजेवर चालणारी आणि पेट्रोलवरही. एका चार्जिंगमध्ये पन्नास किलोमीटर. विजेचा खर्च पेट्रोलच्या पाव हिश्शाइतका, हे एकदा ताडून पाहिलं आणि त्यांच्या जगाला कुंपणच पडलं. बाजार, दवाखाना, लेकीचं घर, सगळं विजेच्या आत. थोरली बहीण तेवढी सत्तर किलोमीटरवर. भावजी गेल्यापासून एकटी. दर रविवारी हे फोनवर म्हणायचे, "येतो गं ताई, लवकरच." बघता बघता वर्ष उलटलं. आता ताई घर विकून लेकाकडे निघाली होती. परदेशी, कायमची, येत्या आठवड्यात.

"अहो, एका वेळेला वीस किलोमीटरचं तर पेट्रोल! येताना तिच्याकडेच लावा की वायर."

"प्रश्न विसाचा नाही. एकदा सवय लागली की..."

"सख्ख्या बहिणीला भेटायची? लागू द्या!"

दुसऱ्या दिवशी गाडीत पिवळा दिवा लागला. गॅरेजमध्ये मिस्त्रीने टाकी तपासली आणि हसू दाबत विचारलं, "काका, हे पेट्रोल कधीचं?"

"जपून ठेवलंय."

"पेट्रोल म्हणजे काय मध आहे, ठेवला तरी टिकायला? शिळं झालंय. थोडं ताजं घाला आणि लांब फेरी मारून जाळा. नाहीतर उपसून फेकायचं. उपसायचे पैसे वेगळे."

चष्मेवाल्यांना पेट्रोलचं दुःख होतंच, पण मन भलतीकडेच गेलं. गेल्या रविवारी ताईने "कधी येतोस?" हे विचारलंच नव्हतं. हवापाण्याचं बोलून फोन ठेवला होता. आपल्या ते ध्यानातही आलं नव्हतं.

घरी न जाता त्यांनी थोडं ताजं पेट्रोल घातलं आणि तशीच गाडी मोठ्या रस्त्याला काढली. वीज संपली, इंजिन गुरगुरलं, तसे ते अंग चोरून बसले, खिशातच कुणी हात घातल्यासारखे. मग चढ आला. गाडी तो लीलया चढून गेली आणि आवाजाची सवय होऊन गेली.

ताईच्या घरात खोक्यांचा ढीग. ती उंबऱ्यातच थबकली. "अरे, कळवायचं तरी!" मग डोळे टिपून गाडीकडे बघत म्हणाली, "आधी ती वायर लाव बाबा. जाताना उगाच तुझं पेट्रोल जळायचं."

तिने हे टोमण्याने म्हटलं नव्हतं, म्हणूनच ते जास्त लागलं. चष्मेवाल्यांनी पुढचं दार उघडून धरलं.

"जळू दे गं. चप्पल घाल, बस पुढे. जाण्याआधी कुणाकुणाला भेटायचं राहिलंय, सांग."