अवधाण

माझ्या मायला गाठीतलं सगळं कळायचं आणि ती गाठीनंच गेली. हे आधीच सांगून टाकते. मी सारी नोकरी सिस्टर म्हणून काढली, गोड बोलून वेळ मारून न्यायला मला जमत नाही.

पायात काटा मोडला आणि जखम चिघळली की जांघेत सुपारीएवढी गाठ येते, ठणकते. आमच्या रेणापूरकडं तिला अवधाण म्हणतात. मोठ्या दुष्काळात माय खडी फोडायच्या कामावर जायची आणि मी तिच्या मागं अनवाणी. एकदा मला अवधाण आलं, ताप भरला. शेजारची काकू गाठीवर चटका द्यायला बिब्बा तापवूनच घेऊन आली. मायनं तिचा हात वरच्या वर धरला.

"गाठीला हात लावायचा न्हाई, बाई. ती बिचारी आपल्याकडून लढून राहिली. काटा कुठाय ते बघा आधी!"

मग माझा पाय मांडीवर घेतला. पाण्याची मारामार होती, तिनं पदरानंच टाच पुसली आणि सुईनं बाभळीचा काटा काढला. मी बोंबलून घर डोक्यावर घेतलं होतं. काटा तळहातावर ठेवून तिनं मला दाखवला, "हे बघ, एवढंसं हाय, अन् केवढा धिंगाणा!" दोन दिवसांत गाठ बसली.

पुढं नांदेडला नर्सिंगला गेले. तिथं शिकवणाऱ्या बाईंनी फळ्यावर माणूस काढला. त्याच्या अंगभर बारीक नळ्या आणि गळ्यात, काखेत, जांघेत गाठी. अंगात झिरपलेलं पाणी या नळ्यांतून वाहतं, गाठींत गाळलं जातं, म्हणाल्या. जंतू तिथं अडकतात, पांढऱ्या पेशी त्यांच्याशी झुंजतात, म्हणून गाठ सुजते. मला हसूच फुटलं. अहो, हे तर माझी अंगठेबहाद्दर माय खडीच्या ढिगाशेजारी बसून सांगते! बाई पुढं म्हणाल्या, दुखणारी गाठ परवडली, न दुखणाऱ्या टणक गाठीला भ्या. तेही मी वहीत लिहून घेतलं.

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा माझी नेमणूक तिथल्या दवाखान्यात होती. एका दुपारी माय एसटीनं आली, माझ्यासाठी भाकरी बांधून. निघताना म्हणाली, "काखेत अवधाण आलंय ग."

मी सुया उकळायला ठेवत होते. हसून म्हणाले, "मग माझ्याकडं काय बघून राहिली? हातात काटा शोध की!"

"शोधला ना. करंगळीला विळा लागलाय."

"मग झालं तर."

दुखतं का, एवढं विचारलं नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिवसभर तेच विचारत होते मी! जळो मेली ती अक्कल. वही कुठं गेली होती तेव्हा माझी?

करंगळी बरी झाली, गाठ तशीच राहिली. डॉक्टरांनी तपासलं तोवर उशीर झाला होता. कॉटवर पडल्या पडल्या तिनं मला विचारलं, "काटा गावला का ग?"

मी तिचा हात उचलून तिच्याच छातीवर ठेवला. तिथली गाठ तिच्या बोटांना लागली.

"तिथं कोण बघतंय, पोरी," म्हणाली. "तिथं बघायला सवडच न्हाई झाली."

मागच्या महिन्यात अंगणात माझ्या टाचेत काटा मोडला. अवधाण आलं. सून सुई घेऊन आली, चांगली पोरगी आहे ती, पण मी तिला म्हटलं, राहू दे जरा. दुपारभर जांघेतल्या गाठीवर बोटं ठेवून बसले. दुखत होती, लई दुखत होती. काटा काढायला मला माय पाहिजे होती.