वजनकाट्यावरून दिसलेला डोंगर

इक्बालभाई गेल्याचं मला त्यांच्या मुलीनं, शबानानं, फोनवर सांगितलं. "काका, अब्बा गेले," एवढंच म्हणाली. दोन दिवसांपूर्वी छातीत दुखतं म्हणून त्यांना दवाखान्यात ठेवलं होतं. आदल्या संध्याकाळी मी भेटून आलो तेव्हा ते नीट जेवले होते आणि खिडकीची काच धुरकट आहे, बाहेरचं काही धड दिसत नाही, अशी तक्रारही त्यांनी नर्सकडे केली होती. त्यामुळे माझ्या मनाची काही तयारीच नव्हती... पनवेलच्या कब्रस्तानातून परतताना त्यांच्या नात्यातले एक वयस्क गृहस्थ माझ्या शेजारून चालत होते. "कळंबोलीला काट्यावर होता ना इक्बाल? साधा माणूस," ते म्हणाले. मी हो म्हटलं. साधे होतेच ते. पण घरी आल्यावर ते 'हो' मला टोचत राहिलं. या माणसानं काय केलं ते मी जवळून पाहिलं होतं, आणि नुसतं हो म्हणून आलो होतो.

कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका खाजगी वजनकाट्यावर आम्ही एकत्र कामाला होतो. माल भरलेला ट्रेलर काट्यावर यायचा, इक्बालभाई बाहेर उभे राहून तो नीट उभा करवून घ्यायचे आणि आत मी कॉम्प्युटरवर वजनाची चिठ्ठी काढायचो. त्याआधी नऊ वर्षं ते आखातात एका गोदामात स्टोअरकीपर होते. परत आले ते पन्नाशीला टेकलेले, कमी बोलणारे, वेळेवर येणारे आणि वेळेवर जाणारे. दोन हजार सहा-सातच्या सुमारास गाडीतल्या मालावरून सारखे वाद होऊ लागले, तेव्हा आमच्या शेठनी एक छोटा डिजिटल कॅमेरा आणून त्यांच्या हातात दिला. प्रत्येक गाडीचा, नंबर दिसेल असा, एक फोटो. इतकंच काम.

दुपारी ते फोटो कॉम्प्युटरवर उतरवून घेणं माझ्याकडे होतं. गणपती उठल्यानंतरचे दिवस असतील. एका फोटोत ट्रेलरचा जेमतेम कोपरा आला होता आणि उरलेल्या सगळ्या चौकटीत होता प्रबळगड, कमरेला ढगाचा पातळ पट्टा गुंडाळलेला. मी त्यांना हाक मारली.

"इक्बालभाई, यात गाडीचा नंबर कुठाय?"

ते माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. वाकून फोटो बघितला. मग म्हणाले, "सुधीर, हा डोंगर इथं रोज असतो?"

मला हसू आलं होतं, पण त्यांनी ते मनापासून विचारलं होतं. दोन वर्षं ते त्या डोंगराकडे पाठ करून उभे होते. त्यानंतर नंबर नसलेले फोटो वाढत गेले. शेवटी शेठनी त्यांना बोलावून घेतलं. "इक्बालभाई, आपल्याला डोंगराचं वजन करायचं नाहीये," असं म्हणाले. शेठ चिडले नव्हते, पण इक्बालभाईंना लाज वाटली. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक फोटोत नंबर स्वच्छ यायला लागला. आणि महिन्याभरात त्यांनी मुंबईहून एक वापरलेला, पण चांगला कॅमेरा स्वतःसाठी आणला. "मालकाच्या वेळेत मालकाचं, माझ्या वेळेत माझं," हा त्यांचा हिशेब.

त्यांची वेळ म्हणजे पहाट. फजरची नमाज झाली की स्कूटर काढायची आणि कामाच्या आधी दोन तास कुठेतरी जाऊन उभं राहायचं. कधी करंजाच्या बंदरावर, ओहोटीत चिखलात तिरक्या कललेल्या होड्यांसाठी. जास्त करून गव्हाणकडे, खाडीकाठच्या भातशेतांत. कॅमेऱ्याचं शास्त्र त्यांना कुणी शिकवलं नाही. दोन वर्षं त्यांचे फोटो साधारणच होते, आणि मी ते त्यांना सांगितलंही. ते मान डोलवायचे नि पुन्हा त्याच बांधावर जायचे. "मी घाई करतो रे," एकदा म्हणाले, "जागा आपल्याला आधी बघून घेते, मग दिसते." नात्यातली माणसं हसायची. या वयात हे काय काढलंय, म्हणायची. त्यावर त्यांनी कधी कुणाशी वाद घातला नाही.

एका रविवारी मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. बांधावर तीन पायांचा स्टँड रोवून ते वाकून बघत होते. तेवढ्यात कापणीला आलेली एक म्हातारी विळा हातात घेऊन तरातरा आमच्याकडे आली. ती चांगुणाबाई. त्या भागात तेव्हा जमिनी संपादनात जाणार, मोजणी होणार, अशी बोलणी घरोघरी चालू होती.

"मोजनीवाले हाव काय तुमी?" तिनं विचारलं.

"नाही आजी. नुसतं बघायला आलोय," इक्बालभाई म्हणाले.

"यात बगन्यासारका काय हाय?"

इक्बालभाईंनी कॅमेरा स्टँडवरून काढला आणि तिच्यासमोर धरला. ओला बांध, पिवळं पडलेलं भात, पलीकडे तिवरांची काळी रेघ आणि तिच्यावर नुकतं वर आलेलं ऊन. तिनं विळा खाली ठेवला, पदरानं डोळे पुसले आणि पुन्हा पाहिलं. "आमचा शेत असा दिसतं?" एवढंच म्हणाली. परतताना पनवेल आल्यावर इक्बालभाई म्हणाले, "सुधीर, ही शेतं राहायची नाहीत. मला सगळी काढून ठेवली पाहिजेत." माझ्या समजुतीनं त्यांचा छंद त्या दिवशी संपला आणि काम सुरू झालं.

पुढची पाचसहा वर्षं ते त्याच बांधांवर फिरत राहिले. भातरोपांची आवणी, कापणी, उन्हाळ्यातली भेगाळलेली जमीन, भरतीचं पाणी. फोटो आता साधारण राहिले नव्हते. मला त्यातलं फार कळत नाही, पण त्यांच्या फोटोतलं भात पाहिलं की पायाला गारवा लागायचा. प्रदर्शन भरवा म्हणून आम्ही मागे लागलो तेव्हा एका शाळेनं दिवाळीच्या सुट्टीत हॉल दिला. चाळीस फोटो लागले. प्रत्येकाखाली फक्त गावाचं नाव आणि महिना. स्वतःचं नाव त्यांनी दारावरच्या कागदापुरतं ठेवलं, तेही शबानानं हट्ट धरला म्हणून.

पहिल्याच दिवशी एका बांधकाम कंपनीचा माणूस आला. कापणीचा फोटो त्याला फार आवडला. त्यांच्या नव्या इमारतींच्या मोठ्या जाहिरात-फलकांवर तो लावायचा होता. इक्बालभाईंनी शांतपणे विचारलं, "इमारती कुठे होणार?" त्यानं सांगितलं ती जागा त्याच शिवारातली होती. बोललेली रक्कम अशी होती की त्यांना हवी असलेली लेन्स सहज आली असती, आणि ती लेन्स त्यांना किती हवी होती हे मला माहीत होतं. "शेत बुजवायचं आणि त्याचाच फोटो दाखवून घरं विकायची? नाही हो, ते माझ्याच्यानं होणार नाही," ते म्हणाले. आवाज चढला नाही. वर त्या माणसाला चहा पाजला. तो गेल्यावर मी म्हटलं, इक्बालभाई, तुमच्या नाही म्हणण्यानं इमारत थांबणार नाही. "थांबणार नाहीच," ते म्हणाले, "पण माझा फोटो त्यात नको."

तिसऱ्या दिवशी गव्हाणहून टेम्पो भरून माणसं आली. चांगुणाबाई नातवाचा हात धरून सगळ्यांच्या पुढे. फोटोंसमोर त्या लोकांनी जे केलं ते मी कुठल्याच प्रदर्शनात पाहिलेलं नाही. ते फोटो बघत नव्हते, ओळखत होते. हा अमक्याचा बांध, ही खाडीचं पाणी अडवायची उघाडी, इथं आमी चिंबोऱ्या धरायचो. त्यातलं एक शेत त्याच वर्षी मातीच्या भरावाखाली गेलं होतं. त्या फोटोसमोर दोघं भाऊ उभे होते. वाटणीवरून त्यांचं बोलणं बंद होतं म्हणे. त्यातला धाकटा हळूच म्हणाला, "दादा, बाबाची विहीर बग," आणि थोरला म्हणाला, "हाय, हाय... दिसली." इक्बालभाई एका कोपऱ्यात पाठीमागे हात बांधून उभे होते. इतकं ताठ उभं राहिलेलं मी त्यांना काट्यावर कधी पाहिलं नव्हतं. चाळीसच्या चाळीस फोटो त्यांनी नंतर गावातल्या घरांना वाटून टाकले. ज्याचं शेत, त्याचा फोटो.

काटा त्यांनी सोडला नाही, निवृत्तीपर्यंत गाड्यांचे नंबर काढले. त्या नातेवाईक गृहस्थांचं म्हणणं खोटं नव्हतं, फक्त अपुरं होतं. ते पुरं करावं म्हणून हा लेख.

मागच्या आठवड्यात मी त्यांच्या पत्नीला, रशीदाभाभींना, भेटायला गेलो. गॅलरीत बसलो होतो. नवऱ्याच्या फिरण्याबद्दल भाभींना मी कधी चांगलं-वाईट बोलताना ऐकलं नव्हतं. मला वाटायचं, त्यांना त्यात काही रस नसावा. चहा देताना सहज त्यांनी सांगितलं, की इक्बालभाई नमाजला बसले की त्या रोज या गॅलरीत येऊन आभाळ बघायच्या. नमाज आटपली की ते विचारायचे, "काय म्हणतंय?" आणि भाभी सांगायच्या, निघा, किंवा आज राहू द्या. बारा वर्षांत त्यांनी भाभींचा शब्द कधी मोडला नव्हता.

"अजून जाग येते हो त्या वेळेला," भाभी म्हणाल्या. "आजही येऊन बघितलं. पूर्वेला पातळ ढग होते, आणि खालून उजेड फुटत होता..." त्यांनी कप माझ्याकडे सरकवला. "आज मी त्यांना निघा म्हटलं असतं."