आत्याचा पाळणा आणि कंपनीचा दावा

माझी आत्या धारला राहते. शाळेत संगीत शिकवून ती निवृत्त झाली. रामनवमीला आमच्या घरी जो पाळणा म्हणतात, तो तिला तिच्या आजीकडून मिळाला. रचला कुणी, ते कुणालाच ठाऊक नाही. घरातल्या मुलांना मराठी वाचता येत नाही, निदान कानावर तरी पडावी, म्हणून मी तिचा पाळणा मोबाईलवर रेकॉर्ड केला आणि देवासला परतल्यावर इंटरनेटवर टाकला.

थोड्याच दिवसांत व्हिडिओचा आवाज बंद झाला. कुठल्याशा कंपनीने तोच पाळणा वाद्यांसकट बाजारात आणला होता. मशीनने चाली जुळवल्या आणि हक्क कंपनीचा ठरवला. मी आत्याला फोन केला.

"म्हणजे मी नुसते ओठ हलवतेय?"

"हो."

"काढून टाक ते."

मी काढला नाही, हरकत नोंदवली. ती फेटाळली गेली.

पुढे डिजिटल कॉपीराइटच्या कायद्यात बदल हवेत का, यावर देवासला जाहीर चर्चा ठेवली होती. आत्या मुद्दाम धारहून आली. मंचावर इंदूरचे एक वकील होते आणि देवासचाच एक मालवी गीतकार. वकील म्हणाले, तक्रार आली की आधी बंद करायचं आणि मग चौकशी, ही रीत उलटी आहे. गीतकार उखडला.

"वकील साहब, माझं भजन लोक दुसऱ्याच्या नावाने चालवत होते. मैं चिल्ला-चिल्ला के थक गया. या मशीनमुळे माझं नाव परत लागलं. आता तीही काढून घेणार?"

आत्या उभी राहिली. "भिया, तुमचं नाव लागलं, चांगलंच झालं. पण माझा पाळणा कुणाचाच नाही. त्यावर कंपनी कशी बसली?"

"कुणाचाच नाही, याचा पुरावा?" गीतकाराने विचारलं.

"आजी म्हणायची. आता तिला कुठून आणू?"

वकिलांनी ते लिहून घेतलं.

चहाच्या वेळी गीतकार आत्याकडे आला आणि पाळणा ऐकवा म्हणाला. तिने दोन कडवी हळू आवाजात म्हटली. तो चमकला. "ही तर माझ्या आईची चाल. बन्याच्या, म्हणजे नवरदेवाच्या गीताची. आमच्याकडे लग्नात गातात." त्याने मालवीत म्हणून दाखवलं. स्वर न् स्वर तोच.

आत्या गोंधळली. "मग आम्ही तुमची उचलली, की तुम्ही आमची?"

"राम जाने," तो म्हणाला, आणि दोघंही हसली.

वकिलांच्या मदतीने आम्ही तिघांनी सरकारला एक सूचना पाठवली: पारंपरिक गाण्यावर जो दावा करील, पुरावाही त्यानेच द्यावा. पोच आली, पुढे काही कळलं नाही. कंपनीचा दावा कायम आहे. गीतकारही आपल्या मतावर कायम आहे. मशीन नको म्हटलेलं त्याला चालत नाही. आत्या आणि तो यावरून अजून फोनवर भांडतात.