सुकदेवची सीडी

डिंडोलीत गजेंद्र पाटलाचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान शोधायला पत्त्याची गरज नाही. "एक्सपीवाला कुठे बसतो?" एवढं विचारलं की कुणीही बोट दाखवतो. जग कुठल्या कुठे गेलं आणि हा पठ्ठ्या वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या विंडोज एक्सपीला धरून बसलाय, म्हणून लोक त्याची टिंगल करतात. आणि कारखान्यातलं भरतकामाचं जुनं मशीन अडलं की मुकाट्याने त्याच्याच दारात येऊन उभे राहतात, कारण त्या मशीनचे प्रोग्राम नव्या विंडोजवर चालतच नाहीत.

हे कसब मुळात त्याच्या थोरल्या भावाचं, सुकदेवचं. गजेंद्र त्याला नाना म्हणायचा. कॉम्प्युटरच्या प्रत्येक भागाला ड्रायव्हर लागतो, म्हणजे तो भाग कसा चालवायचा हे विंडोजला सांगणारा एक छोटा प्रोग्राम. जुन्या विंडोजच्या सीडीत नव्या हार्ड डिस्कचा ड्रायव्हर नसतो, त्यामुळे डिस्क समोर जोडलेली असूनही "डिस्क सापडत नाही" म्हणून सीडी हात वर करते. सुकदेव अख्खी सीडी कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचा, हवे ते ड्रायव्हर तिच्यात घालायचा आणि नवी सीडी राइट करायचा. विंडोज बसताना मालकाचं नाव विचारतं. दरवेळी कोण टाइप करत बसणार, म्हणून त्याने उत्तर सीडीतच भरून ठेवलं होतं: सुकदेव.

२०२१च्या एप्रिलात सुकदेव ताप घेऊन दवाखान्यात गेला तो परत आलाच नाही. पिशवीत बांधलेला देह लांबून दाखवला. नानाचं तोंड गजेंद्रला शेवटचं बघायलाही मिळालं नाही. तो रडलाही नाही. लोक म्हणाले, धीराचा आहे.

दोन महिन्यांनी तो कडोदऱ्याच्या एका कारखान्यात दुरुस्तीला गेला. तिथला ओडिया कारागीर वैतागून म्हणाला, "सुकदेव आज सुबह से अटक रहा है." गजेंद्रच्या अंगावर सर्रकन काटा आला. वळून बघितलं तर पडद्यावर भावाचं नाव. कारागिराने सुकदेवला कधी पाहिलं नव्हतं, तो आपला कॉम्प्युटरचं नाव घेत होता. मग पांडेसरा, सचिन, पलसाणा, ज्या भागातल्या कारखान्यात जावं तिथे हेच. सुकदेव बंद पडला, सुकदेव चालू झाला, सुकदेवला जरा बघून घ्या. गजेंद्रला भीती वाटायची, आणि तरीही बोलावणं आलं की तो हातातलं जेवण टाकून निघायचा. नाना अजून कामाला जातो, असंच त्याच्या मनाने धरून ठेवलं होतं.

म्हणून एक चूक तो जाणूनबुजून करत राहिला. नवा ड्रायव्हर घालायचा तर दरवेळी विंडोजच्या मूळ, काहीही न घातलेल्या कोऱ्या सीडीपासून सुरुवात करायची, आधीच घातलेल्यात पुन्हा घालायचं नाही, हे नानानेच त्याला शिकवलं होतं. पण कोरी सीडी म्हणजे नानाच्या हातचं सगळं पुसून टाकणं. तेवढं त्याच्याने होईना. गेली चार वर्षं तो नानाने उतरवून ठेवलेल्या फोल्डरमध्येच नवे ड्रायव्हर कोंबत आला होता.

वर्षा ही सुकदेवची बायको. भेस्तानच्या एका कारखान्यात भरतकामाच्या मशीनवर डिझाइन चढवण्याचं काम ती करते. घर तिच्या पगारावर चालतं. परवा तिच्या मशीनच्या कॉम्प्युटरचा बोर्ड जळाला. शेठने कुठून तरी दुसरा आणला. गजेंद्रने तीन सीड्या करून लावल्या आणि तिन्ही वेळा निळा पडदा येऊन सगळं थांबलं.

"सोमवार सुधी चालू नहीं थाय, तो मशीन भंगारमां जशे," शेठ म्हणाला. सोमवारपर्यंतची मुदत, आणि मशीन भंगारात गेलं की वर्षाचं कामही गेलं. तिने गजेंद्रकडे बघितलं.

शनिवारी दुकानाचं शटर अर्धं ओढून तो शोधत बसला. दुपारी कारण सापडलं. त्याच हार्ड डिस्कसाठी नानाचा जुना ड्रायव्हर आणि त्याचा नवा, दोन्ही सीडीत होते, आणि जुना नव्याला पुढे येऊ देत नव्हता. चार वर्षांचं कोंबलेलं आता वेगळं काढणं शक्य नव्हतं. त्याने कपाटातून कोरी सीडी काढली. तिच्यात फक्त नवा ड्रायव्हर घालून तो नवी सीडी राइट करायला बसला. नाना मागे उभा राहून बघतोय असं त्याला इतकं वाटलं की त्याने दोनदा मागे वळून पाहिलं.

रविवारी सकाळी कारखान्यात दोघंच होती. सीडी घातली, हार्ड डिस्क सापडली, काम पुढे सरकलं. या सीडीत उत्तर भरलेलं नव्हतं, त्यामुळे अर्ध्या तासाने विंडोजने नाव विचारलं. गजेंद्रने आधीच ठरवलं होतं. वहिनीला उणीव जाणवू नये म्हणून तो नानाचं नाव स्वतः टाइप करणार होता. पहिलं अक्षर उमटलं.

"भाऊ, थांबा," वर्षा म्हणाली. "त्यासनं नाव नका टाकू."

गजेंद्रने बोट मागे घेतलं.

"रोज सकायमा मशीन चालू करताना मी भितकडे तोंड करस. ते नाव पडदावर येस, म्हनीसन. मंग दिवसभर सगळा आरडतस, सुकदेव बंद पडला, सुकदेव बंद पडला. मी कितलांदा ऐकू?"

"मंग सांगं का नही, वहिनी?"

"तुमना जीव त्यामा अडकेल व्हता. तुमले वाईट वाटी, म्हनीसन."

"मी तं तुमनासाठे ठेवं व्हतं," गजेंद्र म्हणाला.

चार वर्षं दोघांनी एकमेकांसाठी हे सोसलं होतं आणि दोघांपैकी एकालाही ते नको होतं. गजेंद्रने ते अक्षर खोडलं आणि खुर्चीवरून उठला. वर्षा बसली आणि एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, तिने स्वतःचं नाव लिहिलं.

दुपारी मशीनच्या सगळ्या सुया एकदम खाली आल्या आणि कापडावर नक्षीतलं पहिलं पान उमटू लागलं. वर्षा धागे बघायला पुढे गेली. गजेंद्र मागच्या जिन्यावर जाऊन बसला. आपला भाऊ मेला आहे हे त्याला तिथे कळलं, आणि मशीनच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार नाही म्हणून तो मोठ्याने रडला.