टाचणीचं काम चालू आहे

माझं लग्न थोरल्या भावाशी झालं आणि धाकटे मला आहेरात मिळाले, असं मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असे. भावजी हसायचे. हसायचे म्हणजे ओठ जरासे हलायचे, आणि ताट उचलून ते मागच्या खोलीत निघून जायचे. बावन्न वर्षांचा माणूस, लग्न नाही, व्यसन नाही, कुणाच्या अध्यात ना मध्यात. दिवसा ते वजनकाटे दुरुस्त करायचे. दुकानांतले, दवाखान्यांतले, अख्खा ट्रक तोलणारेसुद्धा. संध्याकाळी घरी आले की हातपाय धुवून खोलीत. दार लोटलेलं आणि आत पंख्यांची घरघर.

खोलीत सात कॉम्प्युटर होते आणि त्यांतल्या एकालाही धड झाकण नव्हतं. लोकांनी अडगळ म्हणून टाकलेले, भावजींनी उचलून आणलेले. आता कॉम्प्युटर विकत घेताना त्यात जी सिस्टिम असते, ती तुम्हाआम्हाला पुरते. भावजींना पुरायची नाही. ती पुसून ते दुसरी टाकायचे, कुठल्या कुठल्या देशांतल्या हौशी लोकांनी फुकट बनवलेली. ती टाकायला दोन रविवार जायचे. ती नीट चालायला लागली की तुम्हाला वाटेल, आता माणूस सुखाने वापरेल. छे! ती नीट चालली की पुसायची आणि तिसरी टाकायची.

"भावजी, पण ह्यावर करायचं काय असतं?" मी एकदा विचारलं.

"टाकायची असते, वहिनी."

"टाकून?"

"चालते का बघायचं."

"आणि चालली तर?"

भावजी विचारात पडले. इतका साधा प्रश्न त्यांना कुणी विचारला नसावा. "चालली तर चालली," ते म्हणाले.

मी कपाळावर हात मारला आणि स्वयंपाकघरात आले. आमचे हे म्हणाले, "नाद आहे, असू दे, जुगार तर खेळत नाही ना." त्यांचं सगळ्याच बाबतीत असं असतं.

असा नाद असलेली आणखी माणसं जगात आहेत, ही बातमी मला चारेक वर्षांनी लागली. एका कोपऱ्यातल्या काळ्या पडद्यावर ओळी सरकत असायच्या. ती म्हणे गप्पांची खोली, नाव 'खटपट'. एके काळी तिथे तीस-पस्तीस जण असायचे, सगळे मराठी, सगळे ह्याच वेडाचे. कुणाची सिस्टिम अडली की बाकीचे धावून यायचे. आणि सगळे टोपणनावाने. आमच्या भावजींचं नाव पासंग. तराजूची पारडी सारखी करायला लावतात तो तुकडा. धंद्याला शोभेल असंच.

त्यांच्यात काही रीतिरिवाज होते, आणि ते भावजी आमच्या घरातल्या कुठल्याही रीतीपेक्षा कसोशीने पाळायचे. खरं नाव विचारायचं नाही. गाव, घर, फोन विचारायचं नाही. आणि कुणी एकदा "सिस्टिम टाकतोय, झाली की सांगतो" असं लिहिलं, की तो स्वतःहून बोलेपर्यंत त्याला हाक मारायची नाही. त्या कामात माणसाचं लक्ष उडालं तर भलतीच डिस्क पुसली जाते, असं त्यांचं म्हणणं. एकाची अशी सात वर्षांची चित्रं गेली होती म्हणे. तेव्हापासून हा नियम.

पुढे लोकांच्या हातात नवे फोन आले आणि खटपट ओस पडली. तिसाचे दहा झाले, दहाचे पाच, आणि गेली तीन वर्षं दोघंच उरले होते. पासंग आणि टाचणी.

हा टाचणी कोण, कुठला, भावजींना ठाऊक नव्हतं. पण कॉम्प्युटरवर आपली जोडाक्षरं नीट उमटावीत म्हणून दोघांनी दोन वर्षं डोकेफोड केली होती. नवी सिस्टिम टाकली की आधी 'लक्ष्मी' आणि 'तऱ्हा' लिहून बघायचं, मोडके दिसले की दोघं मिळून दुरुस्त करायचे. भावजी सकाळी कामावर निघण्याआधी लिहायचे, "उठलास का?" टाचणी दुपारी कधीतरी उत्तर द्यायचा, "उठलोय, पण उपयोग काय." ते वाचून भावजी संध्याकाळी एकटेच हसायचे. तेवढंच मोठ्याने हसताना मी त्यांना ऐकलंय.

दोघांचीही एकेक छोटी मशीन फक्त ह्या खोलीसाठी रात्रंदिवस चालू असायची. त्यामुळे माणूस कामावर असो की झोपलेला, त्याचं नाव उजवीकडच्या यादीत हिरवं दिसायचं. टाचणीची मशीन अकराशे दिवसांत एकदाही बंद पडली नव्हती. भावजी ते अभिमानाने सांगायचे, जणू टाचणीने काही पराक्रम केला होता.

एका मंगळवारी टाचणीने लिहिलं, "नवी सिस्टिम टाकतोय. झाली की सांगतो." भावजींनी लिहिलं, "कर." आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांचं "उठलास का" बंद झालं.

एक रविवार गेला, दुसरा गेला. तिसऱ्या रविवारी मी कपडे घेऊन खोलीत गेले तर भावजी हातात काही काम नसताना पडद्यासमोर बसलेले. ह्या माणसाला मी रिकाम्या हाताने बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"काय झालं?"

"काही नाही. टाचणीचं काम चालू आहे."

"अजून? काय महाल बांधतोय का तो?"

"अवघड असेल."

"मग विचारा ना बाबा, बरा आहेस का म्हणून."

"मध्ये बोलायचं नसतं, वहिनी. आणि नाव आहे ना यादीत." त्यांनी हिरव्या अक्षरांवर बोट ठेवलं. "नाव आहे म्हणजे आहे तो."

मी तोंडाची फटकळ. म्हटलं, "नावाला ताप येत नाही, भावजी. माणसाला येतो." मी कपाट लावलं आणि बाहेर आले. पण खरं सांगायचं तर मी तरी काय वेगळं करत होते? दार लोटलेलं आहे, पंख्यांचा आवाज येतोय, म्हणजे भावजी आत आहेत आणि बरे आहेत, असंच मी बारा वर्षं धरून चालले होते. एकदाही आत बसून विचारलं नव्हतं.

पाचव्या रविवारी मला राहवेना. जेवणं कमी झाली होती त्यांची. मंगळवारपासून एका मोठ्या काट्याचं काम अडलं होतं, तिथून साहेबांचा फोन घरी आला, असं कधी घडलं नव्हतं. भावजी आंघोळीला गेले आणि मी सरळ खोलीत जाऊन त्या काळ्या पडद्यावर एकेक अक्षर शोधत लिहिलं, "मी पासंगची वहिनी. तुम्ही बरे आहात ना? भावजी फार काळजीत आहेत." आणि एंटर दाबलं.

भावजी आले, त्यांनी वाचलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्यावर चिडले. "वहिनी, असं कसं लिहिलंत? त्याला काय वाटेल? आमच्यात कुणी करत नाही असं!" आवाज चढला नव्हता. त्यांनी लगेच बसून खाली लिहिलं, "माफ कर रे. वहिनीने लिहिलं. तुझं चालू दे."

मीही फणकाऱ्याने निघून आले. चार दिवस आमचं बोलणं बंद होतं, म्हणजे मी माझ्या बाजूने बंद ठेवलं होतं. भावजींच्या बाजूने फरक काहीच पडला नव्हता.

पुढच्या रविवारी दुपारी मागच्या खोलीतून हाक आली, "वहिनी!" भावजी हाका मारणारे नव्हते. मी हात पुसत धावले.

पडद्यावर टाचणीच्या नावापुढे ओळ होती. "नमस्कार. मी त्याची मोठी बहीण. आज खोली आवरायला आले तेव्हा तुमचं वाचलं."

भावजी खुर्चीच्या टोकावर बसले होते. त्यांनी लिहिलं, "तो कुठे आहे?"

उत्तर यायला वेळ लागला. बाई माझ्यासारखीच एकेक अक्षर शोधत असणार. "तो गेला. तीन आठवडे झाले. काविळीचं निमित्त झालं."

मी भावजींच्या खांद्यावर हात ठेवला. एरवी मी कधी ठेवला नसता. त्यांना तो कळलासुद्धा नसेल.

ओळी येत राहिल्या. तो चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. एकटाच राहायचा. त्या मंगळवारी संध्याकाळी चक्कर आली, शेजाऱ्यांनी दवाखान्यात नेलं, खोलीत सगळं होतं तसंच चालू राहिलं. पोचवायला आम्ही चौघंच होतो, तिने लिहिलं. मित्र असे त्याला नव्हतेच. मग तिने विचारलं, "तुम्हीच पासंग का? त्याच्या वहीत हे नाव पानोपानी आहे."

"हो."

"एकोणीस दिवस दवाखान्यात होता. शुद्धीवर होता शेवटपर्यंत. मी रोज खोली झाडायला यायचे, तर रात्री विचारायचा, मशीनवर कुणी काही लिहिलंय का? मी सांगायचे, नाही. मी म्हटलं, मी लिहू का त्यांना? तर म्हणायचा, नको, कामात असतील."

भावजींचे हात कीबोर्डवरून मांडीवर आले.

तिकडून पुन्हा ओळ आली, "रोज विचारायचा." त्या बाईच्या मनात दोष द्यायचा नसावा. तिला आठवलं ते तिने लिहिलं. पण मला तिचा राग आला, टाचणीचा आला, आणि सगळ्यांत जास्त त्या दळभद्री नियमाचा. दोन शहाणी माणसं, एक दुसऱ्याला त्रास नको म्हणून इकडे गप्प, एक तिकडे गप्प, आणि मध्ये एकोणीस दिवस. एक ओळ लिहायला काय लागतं? मला, अडाणी बाईला, पाच मिनिटं लागली होती. मीसुद्धा ती पाचव्या रविवारी लिहिली.

भावजींनी लिहिलं, "काम चालू आहे, असं त्याने सांगितलं होतं." ते वाचून त्या बाईला काय कळलं असेल कोण जाणे. ती म्हणाली, "असू दे."

मग तिने मुद्द्याचं विचारलं. खोली ह्या आठवड्यात परत करायची होती. "ही मशीन बंद करू ना? भिंतीवरचं बटण बंद केलं तर चालेल?"

मला बोलल्याशिवाय राहवलं नाही. "तुमच्या घरी न्या आणि तिथे चालू ठेवा, असं सांगा ना तिला. ऐकेल ती."

त्यांनी मान हलवली. "मग मी परत तसाच बघत बसेन, वहिनी."

आणि त्यांनी लिहिलं, "बटण नको. मी सांगतो तसं लिहा." मशीन रीतसर बंद करायची आज्ञा ते एकेक शब्द सांगत गेले. तिचं चुकलं, परत सांगितलं. पुन्हा चुकलं, पुन्हा सांगितलं, न वैतागता. शेवटच्या शब्दाला तिला म्हणाले, "एंटर दाबू नका, थांबा." खोलीत सातही पंखे घरघरत होते. दोनेक मिनिटं गेली असतील. ती बिचारी तिकडे बोट उचलून बसली असेल. मग त्यांनी लिहिलं, "आता दाबा. आणि दार नीट लावून घ्या."

पडद्यावर ओळ उमटली, "टाचणी बाहेर पडले." त्या गप्पांच्या खोलीतल्या सगळ्या सूचना ह्या दोघांनीच मराठीत केल्या होत्या. भावजींचं म्हणणं होतं, 'गेले' म्हणू या, सुटसुटीत आहे, हे त्यांनीच मला नंतर सांगितलं. टाचणीने ऐकलं नव्हतं. म्हणाला होता, 'गेले' वाईट दिसतं रे.

उजवीकडच्या यादीत एकच नाव राहिलं. भावजींनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि डोळ्यांना लावला. मी तिथे उभी राहून रडले. ते रडले नाहीत. सोमवारी डबा घेऊन कामावर गेले, तो अडलेला काटा त्यांनी एका दिवसात सरळ केला.

महिनाभराने एका संध्याकाळी मी त्यांच्या खोलीत डोकावले. दोन-चार कॉम्प्युटर त्यांनी देऊन टाकले होते. कोपऱ्यातला काळा पडदा मात्र चालू होता.

"आता ह्यावर कोणाशी बोलता?"

"कुणाशीच नाही."

"मग कशाला चालू ठेवलाय?"

"असू दे," ते म्हणाले. "जुन्यांपैकी कुणाला कधी आठवण झाली आणि आलाच, तर खोलीत कुणीतरी असावं."

मी आत गेले. बसायला दुसरी खुर्ची होती, पण तिच्यावर तारांचा हा ढीग. तिच्यावर कधी कुणी बसलेलंच नव्हतं. मी तो ढीग उचलला आणि कुठे ठेवावा ते कळेना म्हणून तशीच उभी राहिले.

"इकडे द्या, वहिनी," भावजी म्हणाले, आणि तो मांडीवर घेऊन बसले.